‘मोळीवाली’चं रसग्रहण

एका गौरवग्रंथात माझ्या नावाने एक लेख छापलेला आहे. तो मी लिहिलेला नाही. म्हणजे शीर्षक माझं आहे, परिच्छेदांचा क्रम माझा आहे, अलंकारसुद्धा मीच ओळखून दाखवलेले आहेत. पण जिथे मी ‘नाही’ म्हटलं होतं तिथे ‘हो’ छापलेलं आहे. आणि त्यात एक वाक्य असं आहे, की ते आठवलं तरी अजून माझी कानशिलं तापतात.

ओळखीचे लोक म्हणतात, झालं गेलं, किती दिवस धरून बसणार? मी धरून बसले आहे. सोडायचं असतं तर हे लिहायला घेतलंच नसतं.

तेव्हा मी तापीकाठच्या एका गावातल्या महाविद्यालयात मराठी शिकवत होते. तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घ्याल तेवढ्याचे पैसे, सुट्टी लागली की घरी, आणि दर वर्षी जूनमध्ये नव्याने मुलाखत. कायमचे प्राध्यापक मला मॅडम म्हणत, पण स्टाफरूममध्ये माझी अशी खुर्ची नव्हती. जी रिकामी असेल ती माझी.

माझं घर नवापूरच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या एका पाड्यावर आहे. घरी कोकणी बोलतात, म्हणजे कोकणातली नव्हे, आम्हा कोकणा आदिवासींची. मराठी मी आश्रमशाळेत शिकले. सुरुवातीची काही वर्षं मी वर्गात तोंडच उघडलं नाही, कारण माझा ‘ळ’ आणि ‘च’ ऐकून पोरी तोंडावर ओढणी धरायच्या. मग आठवी-नववीत अलंकार आले आणि मला पहिल्यांदा या भाषेत पाय ठेवायला जागा मिळाली. अलंकार ओळखायला उच्चार लागत नव्हता. उपमेय कोणतं, उपमान कोणतं, दोघांत सारखं काय, हे ज्याला दिसलं त्याला दिसलं. मला दिसायचं. बाकीच्या मुली रसग्रहणाची उत्तरं गाइडमधून पाठ करायच्या, ‘कवीने अतिशय समर्पक शब्दांत’ वगैरे. मी कविता समोर घेऊन बसायचे आणि ओळी सुट्या करायचे. पुढे मी मराठीच शिकवायला लागले ते त्याच्यामुळेच.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष कविता लिहीत. कुणीही लिहावी, त्यात राग येण्यासारखं काही नाही. पण त्यांची कविता आमच्याकडे हजेरीसारखी होती. स्नेहसंमेलनात त्यांची कविता, ग्रंथालयाच्या भिंतीवर त्यांची कविता, पाहुणे आले की विद्यार्थिनींनी म्हणायची त्यांचीच कविता. सगळ्यांत जास्त म्हटली जायची ती ‘मोळीवाली’. सातपुड्यातून डोक्यावर लाकडं घेऊन उतरणाऱ्या बाईवरची. तिच्यातल्या दोन ओळी तर शिपायांनाही पाठ होत्या:

मोळी नव्हे ही, मुकुट शिरावर रानराणीच्या शोभे,
घाम नव्हे हा, मोत्यांची सर भाळावरुनी लोंबे.

अध्यक्षांची पंचाहत्तरी आली आणि गौरवग्रंथ काढायचं ठरलं. आमचे विभागप्रमुख संपादक झाले. ते चांगले शिक्षक होते, हे मी आजही म्हणते. वृत्तं शिकवायला लागले की वर्गात हातांनी ताल धरायचे. माझ्या पहिल्या वर्षी, मी घाबरलेली असताना, त्यांनीच माझ्या तासाला मागच्या बाकावर बसून नंतर सांगितलं होतं, “उत्तम. मुलं ऐकत होती.” त्यामुळे त्यांनी बोलावलं तेव्हा मी खुशीतच गेले.

“मॅडम, ‘मोळीवाली’चं रसग्रहण तुम्ही करायचं. अलंकारांच्या अंगाने.”

“मी?”

“तुम्हीच. तुम्ही त्या भागातल्या. तुमच्याच माणसांवरची कविता. तुमच्या नावाला वजन येईल.”

कायमच्या प्राध्यापकांना ‘अध्यक्षांची छंदोरचना’, ‘अध्यक्षांचा निसर्ग’ असे विषय गेले होते. मला ‘माझी माणसं’ आली. तिथेच काहीतरी टोचलं होतं, पण मी ‘हो सर’ म्हणून बाहेर आले. तोपर्यंत ती कविता मी नीट वाचलेलीच नव्हती. सतत ऐकल्यामुळे वाचल्यासारखी वाटत होती एवढंच.

त्या आठवड्यात आई माझ्या भाड्याच्या खोलीवर आली होती. येताना तिने तुरीच्या शेंगा आणल्या होत्या. रविवारी दुपारी ती दारात बसून शेंगा सोलत होती आणि मी कविता घेऊन बसले होते. मला वाटलं, हिला वाचून दाखवावी.

माझी आई मोळीवालीच होती. मी लहान असताना ती नवापूरच्या बाजाराला लाकडं घेऊन जायची. डोक्यावर फडक्याची चुंबळ, चुंबळीवर मोळी. इतकी वर्षं ती चुंबळ एकाच जागी बसली की तिच्या टाळूवरचे केस गेले ते परत आलेच नाहीत. ती पदराने झाकते. एकदा मी तिच्याबरोबर होते तेव्हा वाटेत वनरक्षकाने अडवलं. तो आरामात प्रश्न विचारत होता आणि आई मोळी डोक्यावर तशीच ठेवून उत्तरं देत होती. मला कळेना, ही खाली का ठेवत नाही. नंतर तिने सांगितलं, एकदा उतरवलेली मोळी पुन्हा डोक्यावर चढवायला दुसरं मोठं माणूस लागतं. मी तेव्हा तिच्या कमरेएवढी होते. माझ्याकडून ते झालं नसतं. म्हणून मान ताठ ठेवून, हलकी हलकी थरथरत, ती त्याचं बोलणं संपायची वाट पाहत होती.

मी तिला कविता वाचून दाखवली. जिथे मराठी अडली तिथे कोकणीत सांगितलं. ‘मुकुट’ म्हटल्यावर तिचा हात थांबला.

“मुकुट म्हणजे नाताळच्या नाटकात तीन राजांना घालतात तो? सोनेरी कागदाचा?”

“तोच.”

ती हसायला लागली. आमच्या पाड्यावरच्या चर्चमध्ये दर वर्षी ते नाटक होतं, आणि दर वर्षी एका तरी राजाचा मुकुट नाकावर घसरतो. ती इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. मग म्हणाली, “छान आहे. चालीत आहे. परत वाच.”

“यात छान काय आहे?”

“अगं, एवढा मोठा माणूस, त्याने लिहिलं तरी. तू पण चांगलं लिहून दे. तुझं काम टिकेल.”

मला तिचाच राग आला. मी म्हटलं, “तुझ्या टाळूवर केस नाहीत आणि हा माणूस म्हणतो मुकुट आहे.”

ती शेंगा सोलत म्हणाली, “त्याने माझी टाळू पाहिली नाही.”

तिने ते त्याची बाजू घेऊन म्हटलं होतं. पाहिली नाही, मग त्याचा काय दोष, असं. आम्ही त्यावर भांडलो. संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

पण लेख लिहायला बसले तेव्हा मी आईबद्दल एक शब्दही लिहायचा नाही असं ठरवलं. ‘माझी आई मोळी वाहायची’ असं लिहिलं की लोक हळहळतात आणि पुढचं वाचत नाहीत. शिवाय ‘तुम्ही त्या भागातल्या’ हे जे मला चिकटवलेलं होतं, त्याला मी लेखात जागा देणार नव्हते. मला जे येत होतं ते अलंकार. मी अलंकारांनीच बोलणार होते.

मी कवितेच्या ओळी कागदावर डावीकडे उतरवल्या आणि उजवीकडे प्रत्येकीचा अलंकार लिहीत गेले. आधी अनुप्रास. एका कडव्यात ‘र’ आणि ‘न’ची आवर्तनं खरोखर चांगली होती. उतारावरून उतरताना पावलांचा आवाज येतो तसा आवाज त्या ओळीत ऐकू येत होता. मी ते मोकळेपणाने लिहिलं. ते लेखात पहिलंच होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मग त्या दोन प्रसिद्ध ओळींवर आले. सगळे त्यांना रूपक म्हणत. विद्यार्थ्यांच्या वह्यांत रूपक, भित्तिपत्रकावर रूपक. पण ते रूपक नाही, अपन्हुती आहे. ‘हे हे नाही, ते आहे’ असं म्हणत मूळ वस्तू नाकारायची आणि जिच्याशी तुलना करायची ती तिच्या जागी बसवायची, म्हणजे अपन्हुती. शब्दाचा अर्थच लपवणं असा आहे. मोळी नव्हे, मुकुट. घाम नव्हे, मोती. पुढच्या कडव्यात काटे नव्हेत, पायघड्या. मी एकेक नाकारलेली गोष्ट खाली लिहून काढली: लाकडं, घाम, काटे. बाईच्या अंगावर आणि पायाखाली जे जे होतं ते सगळं कवीने ‘नव्हे’ म्हणून काढून टाकलेलं होतं. त्या जागी जे आणलं होतं ते राजवाड्यातलं. मी लिहिलं, ‘हा अलंकार इथे बाईला सजवत नाही. तिच्या डोक्यावरचं ओझं तो वाचकाच्या नजरेआड करतो. मुकुट शोभतो म्हटल्यावर तो उतरवून घ्यायला कुणी पुढे येत नाही.’

आणि मग चेतनगुणोक्ती. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते तो अलंकार. ही कविता त्याने भरलेली आहे. डोंगर हसतो. झरा गातो. वारा कानात गुज सांगतो. सागाची झाडं माना डोलावतात. मी उजव्या बाजूला खाली खाली चेतनगुणोक्ती, चेतनगुणोक्ती लिहीत गेले आणि शेवटच्या ओळीला पोचल्यावर थबकले. सगळ्या रानाला कवीने बोलायला तोंड दिलं होतं. पूर्ण कवितेत एकटी ती बाई काही बोलत नव्हती. ‘आह’सुद्धा नाही. मी परत वरपासून वाचलं, कदाचित माझी नजर चुकली असेल म्हणून. चुकली नव्हती.

हे दिसलं तेव्हा मला राग आलाच, पण खरं सांगायचं तर आनंदही झाला. वर्गात कधी एखादं उदाहरण असं नेमकं बसतं ना, तसा. मी लिहिलं, ‘निर्जीवांना वाचा देणाऱ्या या कवितेत सजीव बाई मात्र मुकी आहे.’ त्या वाक्याखाली मी रेघ मारली नाही. गरज नव्हती.

लेख दिला. विभागप्रमुखांनी माझ्यासमोरच वाचला. पहिल्या पानावर मान हलवली. “अपन्हुती. बरोबर. आम्ही इतकी वर्षं रूपक म्हणत आलो.” दुसऱ्या पानावर मान हलायची थांबली. वाचून झाल्यावर त्यांनी कागद सारखे करून टेबलावर ठेवले, दार लोटून घेतलं आणि अहिराणीत बोलायला लागले. कार्यालयात ते मराठी बोलत, मनातलं बोलायचं असलं की अहिराणी.

“ताई, खरं शे हाई. पन हाई कसं छापसूत आपण?”

“का नाही, सर? यात चूक काय आहे?”

“चूक नही शे. तेच तर. दोन-चार शब्द बदली टाका. तुमनं काय जास?”

“काय जातं म्हणजे? मग अलंकारच बदलेल, सर.”

ते पुन्हा मराठीवर आले. म्हणाले, “मॅडम, हा गौरवग्रंथ आहे. लग्नात जाऊन मुलीची कुंडली वाचायची नसते.”

मी म्हटलं, “मग लेख छापू नका. पण छापलात तर असाच छापा.” आणि जाता जाता, का कोण जाणे, मी म्हणाले, “मी ही कविता माझ्या आईला वाचून दाखवली, सर. तीही मोळ्या वाहायची. ती हसली.”

“आई आलीय का तुमची? मग कार्यक्रमाला घेऊन या त्यांना,” ते म्हणाले. मला वाटलं, विषय संपला. लेख ते गाळतील आणि आईचं आपलं रीतीने म्हणाले असतील.

आईला मात्र जायचंच होतं. जेवण आहे, मांडव आहे, लेकीचं कॉलेज बघायचं आहे. कार्यक्रमाच्या दिवशी ती पाड्यावरून धुतलेलं हिरवं लुगडं नेसून आली. मैदानावर मांडव घातला होता, दुपारचं ऊन कनातीतून झिरपत होतं. आम्ही मागच्या बाजूला बसलो. प्रकाशन झालं, रिबिनी सुटल्या, प्राध्यापकांना एकेक प्रत वाटली. मी अनुक्रमणिकेवरून बोट फिरवलं आणि माझं नाव दिसलं.

पान उघडलं. अनुप्रासाचा परिच्छेद जसाच्या तसा होता. त्यानंतर माझे डोळे एकदम पुढे पळायला लागले. ‘हा अलंकार बाईला सजवत नाही’ याचं ‘हा अलंकार श्रमालाच राजवैभव बहाल करतो’ झालं होतं. मुक्या बाईच्या जागी ‘तिचे मौन हेच तिचे महाकाव्य’ आलं होतं. आणि शेवटी, मी कधीच न लिहिलेला, एक अख्खा नवा परिच्छेद: ‘मी स्वतः त्याच मातीतली लेक. ही कविता मी माझ्या मोळीवाल्या आईला वाचून दाखविली, तेव्हा तिच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू ओघळले. ती म्हणाली, आज माझ्या ओझ्याचे सोने झाले.’

मी मान वर केली तेव्हा सूत्रसंचालन करणारी बाई माइकवरून तोच परिच्छेद वाचत होती. “...आणि रसिकहो, ती माउली आज आपल्यात उपस्थित आहे!”

टाळ्या. दोन विद्यार्थिनी ओवाळायचं ताट घेऊन आमच्या रांगेत आल्या. आईला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण आपल्याला वर बोलावलंय एवढं कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं, पदर डोक्यावर ओढला आणि ती त्या मुलींबरोबर चालायला लागली.

स्टेजवर अध्यक्षांनी तिला साडी दिली. कॅमेऱ्याकडे तोंड करून दोघांना उभं केलं. मग त्यांनी माइक घेतला आणि म्हणाले, “हीच माझी रानराणी. हिच्या अश्रूंपुढे मला कुठलाही पुरस्कार थिटा वाटतो.” पुन्हा टाळ्या. कुणी तिच्यासमोर माइक धरला नाही. ती साडी छातीशी धरून, वनरक्षकासमोर उभी होती तशीच ताठ मानेने उभी होती.

मी स्टेजवर कशी गेले ते मला नीट आठवत नाही. पायऱ्या बाजूला होत्या, विभागप्रमुख तिथे उभे होते, “मॅडम, मॅडम” म्हणाले एवढं आठवतं. मी सूत्रसंचालिकेच्या हातून माइक घेतला. तिला वाटलं, मी आभार मानणार आहे. तिने हसून दिला.

मी म्हणाले, “हा लेख मी लिहिलेला नाही. माझ्या लेखात माझ्या आईबद्दल एकही शब्द नव्हता. माझी आई ही कविता ऐकून रडली नाही. ती हसली होती. आणि ती असं काहीही म्हणाली नाही.”

अध्यक्षांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, फक्त डोळे विभागप्रमुखांना शोधत होते. मला वाटलं, अजून पुरेसं झालं नाही. मी माइक आईसमोर नेला आणि कोकणीत विचारलं, “आई, तू सांग. तू रडली होतीस?”

मी लहानपणी चर्चमध्ये दंगा केल्यावर ती जशी पाहायची, तसं तिने माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाली, “खाली चल.”

ते माइकमधून सगळ्या मैदानावर ऐकू गेलं. कोकणी कळणारे पाच-दहा जण मागे हसले. मग कुणीतरी माइक बंद केला.

संध्याकाळी मी तिला पाड्यावर सोडायला निघाले. एसटीत आई खिडकीशी बसली. साडीची पिशवी मांडीवर. नंदुरबार आलं तेव्हा म्हणाली, “लोक टाळ्या वाजवत होते. हात जोडून मला वर नेलं होतं.”

“खोट्यासाठी वाजवत होते.”

“मला वाचता येत नाही. खोटं काय लिहिलं ते मला काय माहीत? आयुष्यात मला कुणी तसं बोलावलं नव्हतं. तुला पण कुणी बोलावलं नव्हतं.”

“तुझे अश्रू त्यांनी स्वतः लिहिले, आई. तू न रडलेले.”

“मग काय झालं? पाणीच ते.”

मी बाहेर बघत बसले. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या. मला तिला हलवून विचारावंसं वाटत होतं, की तुला राग का येत नाही. तिच्या वाट्याचा रागसुद्धा मलाच करावा लागतो याचाही मला राग येत होता. ती साडी तिने ठेवली. नाताळला नेसली. रंग तिला छान दिसत होता, हेही मला सांगायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांकडे अर्ज दिला: माझा मूळ लेख छापावा, नाहीतर ग्रंथात दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवावी. प्राचार्य म्हणाले, संपादक मंडळाला संपादनाचा अधिकार असतो. मी म्हटलं, काटछाटीचा असतो, माझ्या आईला रडवायचा नसतो. ते म्हणाले, तुम्ही भावनेच्या भरात आहात. हे वाक्य मी तेव्हापासून पुष्कळ पुरुषांच्या तोंडून ऐकलं आहे. ज्याने माझ्या लेखात घळाघळा अश्रू घातले त्याला कुणी भावनेच्या भरात म्हटलं नाही. दोन पानं नीट अलंकार मांडणारी मी मात्र भावनेच्या भरात.

मी माझ्या मूळ लेखाच्या झेरॉक्स काढल्या आणि प्रथम वर्षाच्या वर्गात वाटल्या. छापील लेख शेजारी ठेवला. म्हटलं, दोन्हींतले अलंकार शोधा. एक मुलगा म्हणाला, “मॅडम, छापलेल्यात अतिशयोक्ती आहे.” वर्ग हसला. धडगावकडची एक मुलगी, जी कधीच बोलायची नाही, तिने विचारलं, “बाई कवितेत बोलली असती तर काय बोलली असती?” मी म्हटलं, मला माहीत नाही. तिने ते मनावर घेतलं असावं, कारण पुढच्या तासाला तिने तिच्या पावरी बोलीत काही ओळी लिहून आणल्या. मला पावरी येत नाही. मी तिला म्हटलं, वाच. तिने वाचलं, तिच्या गावचे दोघंतिघं जोरात हसले आणि तीही हसली. कुणी अर्थ सांगितला नाही. त्या वर्षभरात मला रागाशिवाय काही वाटलं असेल तर ते त्या तासाला.

जूनमध्ये मुलाखतीला गेले. विषयतज्ज्ञांनी विचारलं, “गौरवग्रंथ आणि समीक्षा यांत फरक काय?” बाकीचे खाली बघत होते. मी उत्तर दिलं. तास मिळाले नाहीत.

आता मी नवापूरला स्पर्धा परीक्षेच्या मुलांना व्याकरण शिकवते. चार पर्याय, एक बरोबर. अपन्हुती शिकवताना मी पुस्तकातलं उदाहरण देते आणि मग ‘मोळी नव्हे ही’ पण देते. मुलं लिहून घेतात. तो गौरवग्रंथ अजून त्या ग्रंथालयात आहे आणि त्यातली माझी आई अजून रडते आहे. एका विद्यार्थ्याने सांगितलं, आता तो लेख तिथे नमुना रसग्रहण म्हणून वाचायला देतात.

मागच्या हिवाळ्यात नंदुरबारच्या बसस्थानकावर विभागप्रमुख भेटले. निवृत्त झाले होते, बारीक झाले होते. मला पाहून वळून जातील असं वाटलं, पण ते सरळ आले.

“कशी शे ताई? आई बरी शे ना?”

“बरी आहे.”

ते उभेच राहिले. मग बोलले, “ती ओळ मीच लिखी व्हती. आईनी. दुसरं कोनी नही.”

मला ते माहीतच होतं.

“मन्ही मायबी कापूस वेचाले जाये. लोकेसना वावरमा. ती ओळ लिखताना मन्हा डोयास्मा पानी उनं व्हतं. म्हणून लिखाई गयी.”

त्यांचे डोळे खरोखर भरले होते. मी त्यांना ओळखते, ते खोटं बोलत नव्हते. आणि म्हणूनच मला आधी आला नव्हता एवढा राग आला.

“मग सर, तुमच्या नावाने लिहायची होती. तुमच्या आईचे अश्रू तुमच्या लेखात घालायचे होते. अध्यक्षांनी तुमच्या आईला वर बोलावलं असतं.”

त्यांच्या आईबद्दल त्यांनी महाविद्यालयात कधी एक शब्द काढलेला मी ऐकला नव्हता. त्यांनी तोंड पुसलं आणि फलाटाकडे बघत राहिले.

नवापूरची बस लागली. त्यांनाही त्याच बसने वाटेत कुठेतरी उतरायचं होतं. ते चढले, त्यांनी शेजारच्या जागेवर आपली पिशवी ठेवली आणि खिडकीतून मला हाताने खूण केली. बस भरली होती, तेवढी एकच जागा उरली होती. मी मान हलवून नाही म्हटलं आणि पुढच्या बसची वाट बघत तिथेच उभी राहिले.